आधी आपला सा शोधा

‘माझा आवाजच गाण्याचा नाही’ म्हणणारे बरेच जण मुळात चुकीच्या पट्टीत, म्हणजे आपल्या गळ्याला न मानवणाऱ्या उंचीवर ‘सा’ धरून गात असतात. मूळ गायकाच्या पट्टीत गायला गेलं की वरचा सूर लागत नाही, गळा ताणला जातो आणि धीर सुटतो. त्यात गळ्याचा काय दोष?

मोबाईलवर तानपुरा लावा. पुरुषांनी काळी एक, बायकांनी काळी चार किंवा पांढरी पाच या पेटीवरच्या सुरांपासून सुरुवात करावी. हा अंदाज, नियम नव्हे. मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) स्पष्ट ऐकू यावा आणि तार षड्ज (वरच्या सप्तकातला सा) न ओरडता लागावा, ती तुमची पट्टी. कराओकेचा ट्रॅकही तिच्यात उतरवून घ्या.

मग रोज दहा मिनिटं फक्त सा. पाठ ताठ, खांदे न उचलता पोटापर्यंत श्वास, आणि मोकळ्या जबड्याने ‘आ’. शेजारी ऐकतील म्हणून पुटपुटू नका, कुजबुजत्या आवाजात सूर नीट लागत नाही. फारच संकोच वाटला तर आधी ओठ मिटून गुणगुणा. ओठांना बारीक झिणझिण्या जाणवल्या की तोच सूर हळूच ‘आ’मध्ये उघडा. घसा दुखला तर लगेच थांबा.