गरोदरपणी बादली उचलायची तर अशी

डॉक्टरांनी ‘व्यायामाला हरकत नाही’ म्हटलंय, हे धरूनच पुढचं लिहिते. वार (प्लासेंटा) खाली असेल, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला असेल, मधे रक्त गेलं असेल किंवा रक्तदाब चढलेला असेल, तर माझं काही ऐकू नका, त्यांनाच विचारा.

चालणं सोपं आहे. आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढाच वेग. पावसाळ्यात अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं, तेव्हा घरातल्या घरात फेऱ्या मारा. आणि मिरामारच्या किनाऱ्यावर जाऊन पाण्याच्या कडेकडेने उतरत्या वाळूवर चालू नका. एक पाय सारखा खाली पडतो आणि रात्री कंबर बोलते.

आता उचलण्याचं. फोंड्यात गरोदर बायकांचे व्यायामवर्ग घेताना मला सगळ्यांत जास्त डोकं इथेच लावावं लागलंय. एक काकी सांगतात, ‘तांब्यासुद्धा उचलू नकोस.’ दुसरी म्हणते, ‘आम्ही नववा लागला तरी विहिरीचं पाणी शेंदत होतो.’ मला दोघींचा सारखाच राग येतो. पहिलीचं ऐकलं तर पाय आणि पाठ दुबळी होतात, आणि बाळ झालं की तेच तीन किलो रात्रीतून दहा वेळा उचलायचे असतात. दुसरीच्या पाठीचं पुढे काय झालं, ते ती सांगत नाही.

अमेरिकेत कामावरच्या बायकांसाठी आखलेल्या मर्यादा मला पटतात: अधूनमधून उचलायचं तर वीस आठवड्यांपर्यंत साधारण १६ किलो, त्यानंतर १२ च्या आत. तेही वस्तू अंगाला धरून. दिवसभर उचल-ठेव करायची असेल तर आकडा बराच खाली येतो. थेट जमिनीवरून उचलणं आणि डोक्याच्या वर चढवणं यांत धरलेलंच नाही. घरगुती सिलिंडरमध्ये गॅसच १४.२ किलो, वर लोखंड, सगळं मिळून तीस किलोंच्या आसपास. त्याला हात लावायचा नाही. तिरका करून घरंगळत न्यायचाही नाही. पाणी लिटरला किलो. म्हणून बादली अर्धीच भरा आणि दोन खेपा करा.

वस्तूच्या अगदी जवळ उभं राहा. पाय फाकवा, पोट गुडघ्यांच्या मधे मावलं पाहिजे. कुल्ले मागे टाकत खाली जा. खालची वस्तू असेल तर एक गुडघा टेका, वस्तू आधी मांडीवर घ्या, मग उठा. इथपर्यंत सगळ्यांना जमतं. घोळ होतो श्वासाचा. जोर लावताना आपण श्वास कोंडतो, आणि तो सगळा दाब खाली योनीमार्गाच्या स्नायूंवर आणि पुढे पोटाच्या मधल्या रेषेवर येतो, जी आधीच ताणलेली असते. उठताना पोटाच्या मध्यावर माशाच्या पाठीसारखी धार वर आली किंवा लघवीचे दोन थेंब गेले, तर समजा श्वास कोंडला होता.

मी पूर्वी ‘श्वास सोडत उचला’ एवढंच सांगायचे. बायका आधीच हुश्श करून मोकळ्या व्हायच्या आणि उचलताना पुन्हा कोंडायच्या. मग चुलीची युक्ती सुचली. ओलं लाकूड पेटेना की जशी बारीक, लांब फुंकर घालतो, तशी घाला. फुंकर आधी सुरू, मग उचल, आणि सरळ उभं राहीपर्यंत फुंकर संपता कामा नये. रिकाम्या बादलीवर आठवडाभर करा, मगच पाणी भरा.

मीही हे फटका खाऊनच शिकले. दुसऱ्या खेपेचा सातवा महिना होता. थोरली अडीच वर्षांची, बारा किलोंची, चटईवर झोपलेली. वाकले, श्वास कोंडला, उचललं आणि पाय न हलवता तशीच खाटेकडे वळले. जांघांच्या मधल्या हाडात कळ आली. या दिवसांत सांध्यांचे बंध सैल पडलेले असतात. पुढे दीड महिना कूस बदलताना रडू यायचं, सलवार बसून घालावी लागायची. वजन मला पेललं होतं, नडलं ते वळणं. वळायचं तर आधी पाऊल टाका, धड मागून येऊ द्या. आणि जागं मूल उचलू नका. पाटावर बसा, त्याला मांडीवर चढू द्या.

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) तयारीत माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची फळं-फुलं टांगायची चौकट, बांधायला स्टुलावर चढू नका. पोट पुढे आलं की तोल बदललेला असतो, वर हात करून नारळ-सुपारीचे घड बांधणं घरातल्या पुरुषांनाही येतं.

बाकीचं थोडक्यात. भिंतीला पाठ लावून अर्ध्या बैठका, दहा. योनीमार्गाचे स्नायू आवळून सोडणं, दिवसातून तीनदा. आधीपासून जिमला जात असाल तर वजन कमी करून चालू ठेवा, नव्याने भारी वजनं सुरू करू नका. गरोदरपण निम्मं झाल्यावर उताणं पडून व्यायाम नको, गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येऊन चक्कर येते. अंथरुणातून उठायचं ते कुशीवर वळून, हाताचा टेकू घेऊन.

रक्त दिसलं, पाणी गेलं, ठरावीक अंतराने कळा आल्या, छातीत दुखलं, भोवळ आली, एकच पोटरी सुजून दुखायला लागली किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना फोन करा. ‘दुपारची झोप झाल्यावर बघू’ नको. गाडी नसेल तर १०८ लावा.