मूल खूप आजारी असेल तर पॅलिएटिव्ह केअर कशी शोधायची, काय विचारायचं (ठाणे-नवी मुंबईवाल्यांसाठी)

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे दुखणं, धाप, फिट्स असे त्रास कमी करून मुलाचे आणि घरच्यांचे दिवस सुसह्य करणारी काळजी. डॉक्टर स्वतःहून हा विषय काढतील म्हणून थांबू नका, ही पहिली गोष्ट. मुलाला मोठा आजार निघाला, मग तो कॅन्सर असो, ड्युशेनसारखा स्नायूंचा आजार असो, नाहीतर सेरेब्रल पाल्सीची ती अवघड केस जिथे फिट्स थांबत नाहीत आणि घास गिळता येत नाही, त्याच आठवड्यात विचारायचं, "इथे पॅलिएटिव्हची टीम आहे का, आणि ते लहान मुलं बघतात का?" केमो चालू असताना विचारा, ऑपरेशनची तारीख मिळालेली असताना पण विचारा. डब्ल्यूएचओने १९९८ सालीच सांगून ठेवलंय की मुलांच्या बाबतीत ही काळजी निदान झाल्यापासूनच सुरू करायची, मूळ आजारावर उपचार चालू असोत वा नसोत. आपल्याकडे आजी-आजोबांना वाटतं की हे नाव घेतलं म्हणजे पोरावर पाणी सोडलं. त्यांच्याशी वाद घालत बसू नका, "दुखणं कमी करणारे डॉक्टर आहेत" एवढं सांगितलं तरी पुरतं, आणि ते खोटंही नाही.

आता सोसायटीत हा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, फॉरेनला असतो तर किती सोय असती. अर्धं खरं आहे ते. २०११ साली जगभरातल्या देशांचा एक आढावा छापून आला होता, त्यात जवळपास ६६ टक्के देशांमध्ये मुलांसाठी अशी कुठलीच सोय असल्याचं आढळलं नव्हतं. आणि डब्ल्यूएचओचा हिशोब असा की गरज असलेल्या मुलांपैकी ९८ टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, म्हणजे सोय एकीकडे आणि मुलं दुसरीकडे. पण नुसता पैसा असला की झालं असंही नाही, युगांडासारख्या देशाने जे करून दाखवलं ते आपल्याला अजून धड जमलेलं नाही. म्हणून मी लोकांना सांगते, दुसऱ्या देशांचा हेवा करत बसण्यापेक्षा प्रत्येकाकडून एकेक प्रश्न उचला आणि तो आपल्या डॉक्टरांना विचारा.

पोलंडपासून सुरू करू, कारण तिथला प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वॉर्सात १९९४ पासून मुलांसाठी घरपोच हॉस्पिस (बरा न होणारा आजार असलेल्यांची काळजी घेणारी सोय) चालतं, डॉक्टर-नर्स घरी येतात, मूल आपल्याच पलंगावर असतं. तर तुमचा प्रश्न असा, "रात्री दोन वाजता त्रास वाढला तर मी फोन कोणाला करू?" उत्तर "इमर्जन्सीला आणा" असं आलं तर तिथेच थांबू नका, घोडबंदरवरून रात्री अँब्युलन्स मिळवून पोरगं कॅज्युअल्टीत नेईपर्यंत त्याचं जे होतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना माहितीय. कागदावर लिहून मागा, फिट आली तर कुठलं औषध किती, दुखलं तर जादा डोस किती आणि किती वेळाने परत देता येईल, श्वास लागला तर काय, आणि कुठल्या परिस्थितीत घरी थांबायचंच नाही. सही-शिक्क्यासकट. हा कागद फ्रिजवर लावा आणि मोबाईलमध्ये फोटो काढून घरातल्या सगळ्यांना पाठवा.

अमेरिकेतून दुसरा प्रश्न. तिथे मोठ्या माणसांना सरकारी विम्यातून हॉस्पिस घ्यायचं तर सहसा मूळ आजारावरचे उपचार सोडावे लागतात. २०१० च्या आरोग्य कायद्याने मेडिकेडवरच्या (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा) मुलांसाठी ती अट काढली, दोन्ही एकदम घेता येतं. म्हणजे श्रीमंत देशात पण हे कायदा करून मिळवावं लागलं. आपल्याकडे अशी अट कुठल्या कायद्यात नाही, तरी ओपीडीत कोणी म्हणालं की "आधी ट्रीटमेंट संपू दे, मग पॅलिएटिव्ह बघू", तर शांतपणे म्हणा की दोन्ही बरोबर चालू देत.

ब्रिटनचा प्रश्न आपल्याकडे दुखरा आहे. ऑक्सफर्डला १९८२ साली हेलन हाऊस सुरू झालं, जगातलं मुलांचं पहिलं हॉस्पिस. तिथे मूल फक्त शेवटच्या दिवसांत नेतात असं नाही, अधूनमधून चार दिवस राहायला नेतात म्हणजे आईबापाला झोप मिळते आणि भावंडांना पण कोणीतरी वेळ देतं. ठाण्यात असं काही मागायला गेलात तर हाती फार लागणार नाही. बांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, पण ते पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सर पेशंटसाठी. मग आपणच जुगाड करायचा. घरातल्या अजून एका माणसाला, मावशी, आत्या, काका, कोणीही, नळीतून फीड देणं, सक्शन करणं (मशीनने घशातला कफ ओढून काढणं) आणि फिटचं औषध देणं शिकवून ठेवायचं, आणि ते वॉर्डातल्या सिस्टरसमोर डिस्चार्जच्या आधी शिकवून घ्यायचं. सगळं एकट्या आईलाच येत असेल तर ती आई कधी आजारी पडू शकत नाही, आणि ते चालणार नाही.

युगांडाकडून औषधाचा प्रश्न. तिथे १९९३ पासून हॉस्पिस आफ्रिका युगांडा काम करतंय, मॉर्फिनच्या (तीव्र दुखण्यावरचं औषध) पावडरीपासून स्वस्तातलं पातळ औषध बनवतात, आणि २००४ पासून खास ट्रेनिंग घेतलेल्या नर्सना ते लिहून द्यायची परवानगी आहे. आपण मात्र अमली पदार्थांवरच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात असे अडकलो की हॉस्पिटलंच मॉर्फिन ठेवायला घाबरायला लागली. २०१४ ला कायदा बदलला, आता मान्यताप्राप्त संस्थेला ते ठेवता येतं, तरी २०१७ च्या लॅन्सेटच्या अहवालात भारताला मिळणारं मॉर्फिन गरजेच्या ४ टक्के इतकंच होतं. म्हणून प्रश्न सरळ विचारा, "तोंडावाटे घ्यायचं मॉर्फिन तुमच्याकडे मिळतं का? नसेल तर कुठल्या हॉस्पिटलला मिळेल?" कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडे नसतंच, उगाच दहा दुकानं फिरू नका.

आता जायचं कुठे. कॅन्सर असेल तर रस्ता बराच सोपा आहे. टाटा हॉस्पिटल परळ आणि खारघरचं अ‍ॅक्ट्रेक, दोन्ही एकाच टाटा मेमोरियल सेंटरचे भाग, आणि त्यांचा पॅलिएटिव्ह विभाग १९९६ पासूनचा. वेगळा केसपेपर काढायच्या भानगडीत पडू नका, ज्या फाईलवर ट्रीटमेंट चालू आहे त्यावरच रेफरल लिहून मागा, आणि होम केअरची टीम तुमच्या भागात येते का ते पिनकोड सांगून विचारा. गावाकडून आलेलं कुटुंब असेल आणि ट्रीटमेंट चालू असेल तर राहायच्या सोयीसाठी सेंट ज्यूड्सबद्दल हॉस्पिटलच्या सोशल वर्करशी बोला, खारघरला त्यांचं सेंटर आहे.

कॅन्सर नसेल तर खरी पायपीट तिथे आहे, आणि गंमत म्हणजे (गंमत कसली) गरज असलेल्या मुलांमध्ये जास्त मुलं याच गटातली असतात. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटल, ठाण्याचं सिव्हिल, वाशीचं मनपा हॉस्पिटल, इथल्या बालरोग ओपीडीत जाऊन आधी सोशल वर्कर गाठा. केंद्राचा पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम (एनपीपीसी) २०१२ पासून आहे, तेव्हा सिव्हिलमध्ये "एनपीपीसीचं काम कोण बघतं" असं नाव घेऊन विचारा, मोघम विचारलंत तर तीन खिडक्या फिरवतील. आणि हे आपल्याकडे होतच नाही असं कोणी म्हणालं तर जव्हारचं नाव सांगा. २०१० नंतर महाराष्ट्रात मुलांच्या पॅलिएटिव्ह केअरचा जो प्रोजेक्ट झाला त्यात सायन हॉस्पिटल होतं आणि जव्हारचं सरकारी हॉस्पिटल पण होतं, आणि तेव्हा जव्हार आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं, पालघर २०१४ ला वेगळा झाला.

जाताना जाडजूड फाईलीच्या वर एक पान लावा: आजाराचं नाव, आत्ताचं वजन, चालू औषधं डोससकट, कशाची अ‍ॅलर्जी, आणि सध्या सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय. वजन ताजं पाहिजे, मुलांचे सगळे डोस त्यावर ठरतात. सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असेल तर यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढून निरामय हा सरकारी आरोग्य विमा करून घ्या, वर्षाला एक लाखापर्यंत कव्हर आहे आणि ओपीडी, औषधं, थेरपी त्यात येतात.

दुखणं मोजायला शिका, हे कुठल्याही देशात आईबापालाच करावं लागतं. बोलता न येणाऱ्या मुलासाठी पाच गोष्टी बघतात: चेहरा, पाय, हालचाल, रडणं, आणि उचलून घेतल्यावर शांत होतं का. प्रत्येकाला ० ते २ मार्क, एकूण दहापैकी. कपाळाला आठी आणि पाय पोटाशी ओढलेले दिसले तर रडत नसलं तरी दुखतंय असं समजा, काही मुलं रडून रडून थकलेली असतात म्हणून गप्प असतात. शंभर पानी वही घ्या, वेळ, मार्क, दिलेला डोस आणि शी झाली का एवढंच लिहा. ती वही डॉक्टरसमोर ठेवली की बोलणं कसं बदलतं ते बघाच.

मॉर्फिन सुरू झालं तर घड्याळ लावून द्यायचं, मूल कळवळेपर्यंत थांबायचं नाही. पातळ औषध सुईशिवायच्या सिरिंजने मोजायचं, घरातला चमचा अजिबात नको, एका चमच्यात ४ मिली मावतं तर दुसऱ्यात ७. पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून बरोबर मागून घ्या कारण कॉन्स्टिपेशन होतंच होतं. सुरुवातीचे एक-दोन दिवस झोपाळू राहील ते चालतं, पण हाक मारून, हलवून उठत नसेल किंवा श्वास फार मंद वाटला तर पुढचा डोस थांबवून लगेच फोन करा, वेळ घालवू नका. बाटली कुलपात ठेवा, घरात भावंडं असतात.

भावंडांना आणि त्या मुलाला स्वतःला काय सांगायचं हा मोठा विषय आहे, पण एवढं तरी करा की विचारलेल्या प्रश्नाला खोटं उत्तर देऊ नका. दुसऱ्या खोलीत हळू आवाजात बोललेलं सगळं त्यांना ऐकू येत असतं. शाळेत शक्य तितके दिवस जाऊ दे, तासाभरासाठी का होईना.

आणि न्यू जर्सीचा चुलतभाऊ म्हणाला की तिकडून चांगलं पेनकिलर कुरियर करतो, तर त्याला नको म्हणा. मॉर्फिनसारखी औषधं अशी मागवणं हा एनडीपीएसखाली गुन्हा आहे. त्याला मदत करायचीच असेल तर एअर मॅट्रेस आणि सक्शन मशीनचं भाडं भर म्हणावं, दोन्ही इथे ठाण्यात महिन्याच्या भाड्याने मिळतात, फक्त घेताना मशीन चालू करून बघा आणि लाईट गेली तर चालेल असं बॅटरीवालं मागा.