इंग्लिश लिटरेचरच्या पेपरात मोठं उत्तर कसं लिहायचं

पेपर हातात आला की लगेच लिहीत सुटू नका, आधी प्रश्नात 'डिस्कस' म्हटलंय की 'कम्पेअर' ते बघा, सगळं उत्तर त्यावरच फिरतं. मग पाच मिनिटं रफ प्लॅन. पहिल्या दोन वाक्यांतच आपलं म्हणणं सांगून टाका, लेखकाचा जन्म कधी झाला वगैरे तिथे नकोच.

आणि प्लीज, स्टोरी सांगत बसू नका, परीक्षकाला ती पाठ असते. समजा शेक्सपिअरच्या मॅकबेथ नाटकातल्या अपराधीपणावर प्रश्न आला, तर दुसऱ्या अंकात राजाचा खून झाल्यावर मॅकबेथची बायको लेडी मॅकबेथ म्हणते थोड्याशा पाण्याने सगळं धुऊन जाईल आणि पाचव्या अंकात तीच झोपेत चालत येते, हात चोळत राहते पण रक्ताचा डाग काही जात नाही, हे दोन सीन शेजारी ठेवले की मुद्दा आपोआप उभा राहतो, मग तिथला एकच शब्द पकडून त्यावर तीन-चार ओळी लिहा. कोटेशन छोटंच घ्या, चार-पाच शब्दांचं, लक्षातही राहतं. नाटक असेल तर स्टेजवर काय दिसतं तेही लिहा, बरेच जण हे विसरतात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. वेळ मार्कांप्रमाणे वाटून घ्या.