छप्पर उडालं? ताडपत्रीआधी मोबाइल काढा

वादळ ओसरलं की कोकणात पहिली धावपळ ताडपत्रीची. ती घालाच, कारण नुकसान वाढू न देणं ही विमा घेणाऱ्याचीच जबाबदारी धरतात. पण त्याआधी घराच्या विम्याच्या दाव्यासाठी फोटो आणि व्हिडिओ काढा: उडालेले पत्रे, मोडलेले वासे-रिपा, छपरावर आडवा झालेला माड. एखाद्या फोटोत अख्खं घर ओळखू येऊ दे. फुटकी कौलं गडग्यापलीकडे फेकू नका, विमा कंपनीचा सर्व्हेयर (नुकसान तपासणारा माणूस) बघून जाईपर्यंत पडवीच्या कोपऱ्यात रचून ठेवा. ताडपत्रीची नि मजुरीची पावतीही जपा.

कंपनीला लगेच कळवा, क्लेम नंबर लिहून घ्या. तलाठ्याचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. तो झाला म्हणजे विम्याचा दावा झाला असं नाही. त्याची प्रत मात्र दाव्याला जोडा, उपयोगी पडते.

खरी अडवणूक होते ती ‘ही तर जुनी गळती’ या वाक्यावर. झीज आणि जुनी गळती विम्यात बसत नाही. म्हणून मे महिन्यात घर शाकारून झालं की छपराचे आतून-बाहेरून फोटो काढायचे आणि कामगाराकडून तारखेसह पावती घ्यायची. चिठोरं का असेना!

गृहकर्ज असेल तर बँकेत विचारा. कर्जासोबत घराचा विमा काढलेला असतो आणि घरात कुणाला पत्ताच नसतो. १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत वादळ आणि पूर दोन्ही धरलेले आहेत. दावा नाकारला तर कारण लेखी मागा. कंपनीकडे तक्रार करूनही दाद लागली नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं, तेही फुकट.