टॉर्शन बारच्या बोल्टाला पाना लावण्याआधी

पिंपळगाव बसवंतच्या टोमॅटो बाजाराला फेऱ्या मारणारी आमच्या थोरल्या भावाची पिकअप यंदा पुढून बसलेली दिसतेय. हंगामाआधी तिची उंची जुळवायचं रविवारी ठरलंय. त्याचीच ही तयारी. ज्यांच्या पिकअपला पुढे टॉर्शन बार आहे त्यांच्या कामी यावी म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिलं काम म्हणजे गाडीखाली वाकून बघणं. पुढचं चाक धरणाऱ्या आर्मपासून मागे, चेसिसच्या आडव्या पट्टीपर्यंत गेलेला लांब पोलादी दांडा दिसला तर पुढचं वाचा. पुढे पाटे (पोलादी पानांची स्प्रिंग) किंवा कॉइल स्प्रिंग असेल तर हे काम तुमच्या गाडीचं नाही. या दांड्याला पीळ बसतो आणि तोच स्प्रिंगचं काम करतो. त्याच्या मागच्या टोकाला एक छोटी चावी असते, तिला रेटणारा बोल्ट असतो आणि त्या बोल्टानेच उंची कमी-जास्त होते. बोल्ट आवळला की बार कडक होतो असं सर्रास बोललं जातं, पण ते खरं नाही. दांड्याचा कडकपणा त्याची जाडी, लांबी आणि पोलाद यांवर ठरतो. बोल्ट फक्त आर्म कुठे उभा राहणार ते ठरवतो. फार आवळल्यावर गाडी आदळते, कारण चाकाला खाली जायला जागाच उरत नाही आणि प्रत्येक खड्ड्यात आर्म टोकाच्या रबराला जाऊन ठोकतो.

मग गाडी का बसली ते शोधा. माझा खरा आग्रह इथेच आहे. टायरची हवा थंड असताना तपासा, डाव्या-उजव्या टायरचा साइज आणि घासलेपणा एकसारखा आहे का ते बघा. त्या आर्मचे बुश (सांध्यातली रबरं) फाटलेत का, आर्म आणि चाक जोडणाऱ्या बॉल जॉइंटला खेळ आहे का, तेही चाक उचलून हलवून बघा. मागचे पाटेही मोजून घ्या. मागे एका बाजूचं एक पान तुटलं की पुढची उंचीसुद्धा बिघडलेली दिसते. भावाच्याच गाडीचा असा अनुभव आहे. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजात उजवा बोल्ट आवळून गाडी 'सरळ' करून दिली होती. महिन्याभरात उजव्या टायरची कड गुळगुळीत झाली. तुटलं होतं ते मागचं पान.

मोजमापाला सपाट जागा हवी, आणि सपाट दिसणारी जागा बहुतेक वेळा सपाट नसते. आम्ही शेडमधला कोबा गवंड्यांच्या पाणी भरलेल्या नळीने तपासून चारही चाकांच्या जागा खडूने आखून ठेवल्यात. माप चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत, सरळ वर घ्यायचं; जमिनीपासून घेतलं तर टायरची झीज त्यात मिसळते. मोजण्याआधी गाडी दोन-तीन मीटर पुढे-मागे ढकला, पुढचा बंपर दाबून सोडा, मग टेप लावा. जॅकवरून नुकती उतरवलेली गाडी चाकं आत ओढलेल्या अवस्थेत उंच उभी राहते आणि तेव्हाचं माप खोटं असतं. चारही कोपऱ्यांची मापं एकदा रिकाम्या गाडीची आणि एकदा नेहमीइतके क्रेट भरून, अशी दोनदा लिहा. रिकामी पिकअप मागून उंच दिसते, तशीच ती बनवलेली असते. पुढचं नाक मागच्याइतकं वर घेतलं तर माल भरल्यावर गाडी आभाळाकडे बघते आणि रात्री समोरच्याच्या डोळ्यांत उजेड मारते. त्यामुळे कंपनीच्या पुस्तकातलं माप हेच लक्ष्य ठेवायचं. शोभेसाठी त्याच्या वर न्यायचं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52ही कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करू देत नाही.

बोल्टाची तयारी गुरुवारपासूनच करा. आटे तारेच्या ब्रशने साफ करून त्यावर गंज सोडवणारा स्प्रे मारा, असं रोज संध्याकाळी. रविवारी सकाळी बाहेर दिसणाऱ्या आट्यांची लांबी व्हर्नियरने मोजून लिहा आणि बोल्टाच्या डोक्यावर रंगाची रेघ मारा. काही चुकलं तर परत येण्याची वाट तीच.

हत्यारांत योग्य मापाचा सॉकेट, लांब दांडा आणि ग्रीस. बोल्ट झटक्याने फिरवणारी इम्पॅक्ट गन वापरायची नाही. जॅकसोबत दोन चांगले स्टँड हवेत, विटा किंवा ब्लॉक अजिबात चालणार नाहीत. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, स्टँड चेसिसखाली घ्या आणि चाकं लटकती ठेवा, म्हणजे बोल्टावरचा भार कमी होतो. पूर्ण जात मात्र नाही, म्हणून बोल्ट कधीच पूर्ण काढायचा नाही. एका वेळी एकच फेरा, दोन्ही बाजूंना, फेरे मोजत. मग गाडी उतरवा, ढकला, मोजा. एका कोपऱ्याला हात लावला की दुसऱ्या बाजूचाही हलतो, त्यामुळे या खेपा दुपारपर्यंत चालतील हे धरूनच बसा.

हेडलाइटसाठी शनिवारी रात्रीच गाडी भिंतीसमोर उभी करून उजेडाची वरची कड खडूने आखून घ्या. व्हील अलाइनमेंटची सोमवारची वेळ आधीच घेऊन ठेवा. उंची बदलली की कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकांची पुढून आत-बाहेर वळलेली दिशा) दोन्ही बदलतात. अलाइनमेंट होईपर्यंत गाडीत एकही क्रेट भरायचा नाही, हे भावाला सांगून ठेवलंय. साधारण दोनशे किलोमीटर झाल्यावर त्याच खडूच्या खुणांवर गाडी उभी करून पुन्हा मोजणार. मापांचा कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे.