गणिताच्या तासाला वादविवाद कसा घ्यावा: सहावी-सातवीच्या मुलांसाठी

ग्वाल्हेरच्या आपल्या मंडळींना वादविवाद म्हटलं की गणेशोत्सवातला मंच आठवतो. पक्ष, विपक्ष आणि समोर घंटी घेऊन बसलेले परीक्षक. मीही पहिल्यांदा गणिताच्या तासाला वाद घेतला तो अगदी तसाच. सातवीचा वर्ग, दोन गट, विधान असं: ‘उणे सात ही उणे तीनपेक्षा मोठी संख्या आहे.’ मुद्द्यागणिक गुण. विधानाच्या बाजूने एक बोलकी मुलगी होती. सात रुपयांची उधारी तीन रुपयांच्या उधारीपेक्षा मोठीच असते, हे तिने इतकं रंगवून सांगितलं की टाळ्या पडल्या, तिचा गट जिंकला आणि तास संपला. छमाहीच्या पेपरात निम्म्या वर्गाने −७ > −३ असं लिहिलं.

चूक माझी होती. न्यायशास्त्रात, म्हणजे तर्काच्या जुन्या भारतीय शास्त्रात, वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार वेगळे केले आहेत. खरं काय ते शोधण्यासाठी बोलणं म्हणजे वाद, जिंकण्यासाठी बोलणं म्हणजे जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं नुसतं खोडून काढणं म्हणजे वितंडा. मी वर्गात जल्प लावून दिला होता. तेव्हापासून माझ्या तासाला गुण नाहीत, विजेता नाही आणि बाजू वाटून देणं नाही. मुलाला जे खरोखर वाटतं तीच त्याची बाजू. पुढे सांगते ती सगळी पद्धत यावरच उभी आहे.

विधान कुठून आणायचं

मुलांच्या वह्यांतून. तपासताना जी चूक चार-पाच वह्यांत सारखीच दिसते, तिच्यामागे आळस नसतो, काहीतरी विचार असतो. तीच चूक विधान करून फळ्यावर लिहायची, कोणाचंही नाव न घेता. गणित शिकवण्याचा अभ्यास करणाऱ्यांमध्ये प्रसिद्ध असलेला एक प्रश्न सहावीत घालून पाहा: ८ + ४ = □ + ५. चौकटीत काही मुलं १२ लिहितात, काही १७. बारावाल्यांना ‘=’ ही खूण म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ असा हुकूम वाटतो. सतरावाले दिसतील त्या सगळ्या संख्यांची बेरीज करून मोकळे होतात. दोन्ही बाजू समान आहेत, तराजूची दोन पारडी आहेत, हे ज्याला उमगलं तोच ७ लिहितो. ही एक खूण पक्की झाली नाही तर पुढची सगळी समीकरणं वाळूवर उभी राहतात, म्हणून मी वर्षाची सुरुवात इथूनच करते.

एका प्रकारच्या प्रश्नापासून मात्र लांब राहा. मोबाइलवर फिरणारं ‘६ ÷ २(१ + २) किती?’ यावर मुलं तासभर भांडतील. एक म्हणेल ९, दुसरा म्हणेल १. पण तो वाद लिहिण्याच्या पद्धतीचा आहे, गणिताचा नाही. ‘कंचेभागुबेव’ हा क्रियांचा क्रम शिकवायचा तर सरळ शिकवा. संकेत सांगायचे असतात. वाद घालायचा तो कारणांवर.

आधी वही, मग तोंड

विधान लिहून झालं की पाच मिनिटं पूर्ण शांतता. प्रत्येकाने वहीत आपलं मत आणि ‘कारण’ या शब्दापुढे निदान एक ओळ लिहायची. ही पाच मिनिटं वाचवू नका. ती दिली नाहीत तर पहिल्या बाकावरचा हुशार मुलगा बोलतो आणि पन्नास जण त्याच्या मागे जातात.

मग उठून उभं राहायचं. ‘पटतं’ ते डाव्या भिंतीला, ‘पटत नाही’ ते उजव्या भिंतीला, आणि ज्यांचं ठरत नाही ते मागे दाराशी. दाराशी उभं राहण्यात कमीपणा नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. वर्ग दाटीचा असेल तर जागेवरच हात वर, हात घडी आणि हात बाकावर, अशा खुणा चालतात.

बोलण्याचे दोन नियम

पहिला: दुसऱ्याचं खोडण्याआधी त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, आणि त्याने ‘हो, हेच म्हणालो’ अशी मान डोलावल्यावरच पुढे बोलायचं. जुन्या शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, मांडतात, तसंच. याने वर्गातला आवाज आपोआप खाली येतो, कारण ऐकल्याशिवाय बोलताच येत नाही.

दुसरा: भिंत केव्हाही बदलता येते, पण जाताना कारण सांगून जायचं. एखादं मूल भिंत बदलतं तेव्हा मी सगळ्यांना थांबवते आणि त्याला विचारते, ‘तुला कुठल्या वाक्यानं हलवलं?’ ते वाक्य फळ्यावर लिहिते.

भाषेचं सांगायला हवं. आमच्याकडची मराठी घरातली मुलं शाळेत हिंदीतून ‘चर’ आणि ‘भिन्न’ शिकतात, घरी आजोबा ‘चल’ आणि ‘अपूर्णांक’ म्हणतात. शाळेत अक्षराला ‘एक्स’ म्हणतात, मी माझ्या वडिलांसारखं ‘क्ष’ म्हणते. वादाच्या वेळी मी कुणालाच भाषेवरून टोकत नाही. अर्धं वाक्य हिंदीत आणि अर्धं मराठीत आलं तरी कारण पूर्ण आलं पाहिजे. रविवारी घरी येणाऱ्या मुलांमध्ये तर मला दिसतं की कारण शोधताना मूल ज्या भाषेत भांडतं त्याच भाषेत जातं.

एक पूर्ण वाद, जसा झाला तसा

थंडीचे दिवस होते, बाजारात गजक, म्हणजे तिळगुळाची मिठाई, आलेली. मी फळ्यावर दोन दुकानं काढली. पहिला दुकानदार म्हणतो, ‘जितके डबे घ्याल तितकेच वर फुकट.’ दुसरा म्हणतो, ‘कितीही घ्या, दोन डबे वर फुकट.’ तुम्ही क्ष डबे विकत घेतलेत. पहिल्याकडे हातात पडतात २क्ष, दुसऱ्याकडे क्ष + २. विधान: ‘पहिल्या दुकानात नेहमी जास्त डबे मिळतात.’

जवळजवळ सगळा वर्ग डाव्या भिंतीला गेला. कारण एकच: दुप्पट म्हणजे जास्त, गुणाकार बेरजेपेक्षा मोठाच असतो. उजवीकडे तीन मुलं. त्यातली एक, एरवी हजेरीपुरतं बोलणारी, म्हणाली, ‘बाई, माझ्याकडे एकाच डब्याचे पैसे आहेत.’ तिने फळ्यावर लिहिलं: २ आणि ३. डावी भिंत गप्प. मग तिकडूनच एक मुलगा म्हणाला, ‘एक सोडून. बाकी सगळीकडे आम्हीच.’ मी काहीच बोलले नाही, फक्त त्याचं वाक्य लिहून घेतलं. दाराशी उभ्या मुलाने दोन घालून पाहिलं. ४ आणि ४. ‘बाई, दोघं बरोबरीत!’ आता डावीकडून मुलं दाराकडे सरकू लागली.

कुणीतरी शून्य घातलं. काहीच न घेता दुसरा दुकानदार दोन डबे देईल का, यावर चांगलीच जुंपली. आणि मग मागच्या बाकावरून आलं, ‘उणे पाच घेतले तर?’ लगेच उलट उत्तर: ‘उणे डबे कुठल्या दुकानात मिळतात?’ हा प्रश्न सोन्यासारखा होता. गोष्टीतल्या क्षला मर्यादा असतात, नुसत्या संख्यांच्या क्षला नसतात, आणि आपण कुठल्या क्षबद्दल बोलतोय हे आधी ठरवावं लागतं, हे त्या दिवशी मुलांनी आपसांत ठरवलं. दुकान पुसलं, संख्या ठेवल्या. उणे पाचला −१० आणि −३. म्हणजे तिथेही दुसरा पुढे.

शेवटची दहा मिनिटं माझी. फळ्यावर जमलेल्या जोड्यांचं कोष्टक केलं आणि दोहोंतला फरक काढला: २क्ष − (क्ष + २) = क्ष − २. क्ष दोनपेक्षा मोठा असेल तर हा फरक धन, म्हणजे पहिलं दुकान पुढे. दोन असेल तर शून्य, बरोबरी. दोनपेक्षा लहान असेल तर ऋण, म्हणजे दुसरं पुढे. अर्धा तास ज्यावर भांडण झालं ते सगळं क्ष − २ एवढ्याशा राशीत मावलं.

ही दहा मिनिटं कधीही सोडू नका. वाद अर्धवट ठेवून ‘उद्या पाहू’ म्हटलं की मुलांच्या डोक्यात शेवटचं ऐकलेलं वाक्य घर करतं, मग ते चुकीचं का असेना. निष्कर्ष चिन्हांत लिहा आणि मुलांना वहीत तीन ओळी लिहायला सांगा: आधी मला काय वाटत होतं, आता काय वाटतं, कशामुळे बदललं. मी तपासते ती फक्त तिसरी ओळ.

तुमचं तोंड आणि तुमचा चेहरा

सगळ्यात अवघड हेच आहे. ‘शाबास’ म्हटलंत की वाद संपला, भुवई उंचावलीत तरी संपला. मुलं उत्तर फळ्यावर कमी आणि बाईंच्या चेहऱ्यावर जास्त शोधतात. माझ्याकडे तीनच वाक्यं असतात: ‘उदाहरण दे.’ ‘हे जिथे मोडेल असं उदाहरण कुणाकडे आहे?’ ‘हे सगळ्याच संख्यांना लागू आहे, हे कसं कळलं?’ दुसऱ्या वाक्यातून प्रतिउदाहरण येतं, तिसऱ्यातून बीजगणिताची गरज भासते, कारण सगळ्या संख्या तपासायला आयुष्य पुरणार नाही.

जो मुलगा सतत बोलतो त्याच्या हातात खडू द्या. इतरांचे मुद्दे लिहिण्याचं काम त्याचं. आठ-दहा दिवसांतून एकदा एवढा वाद पुरे. सराव वेगळा लागतो, तो वादाने होत नाही.

मोठ्यांचेही मतभेद सांगा

ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये धन म्हणजे संपत्ती आणि ऋण म्हणजे कर्ज असं धरून बेरीज-गुणाकाराचे नियम लिहिले. ऋण गुणिले ऋण म्हणजे धन, हा नियम त्यातलाच. पण शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य, असंही त्याने लिहिलं, आणि ते आज आपण मानत नाही. पाच शतकांनी भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ म्हटलं आणि तिला अनंत मानलं. आज आपण सांगतो की शून्याने भागताच येत नाही. हे ऐकल्यावर मुलांना चुकण्याची भीती उरत नाही. मग ‘० ÷ ० = ०’ हे विधान द्या. कुणीतरी भागाकाराचा ताळा घेतो, ० × ० = ०, बरोबर. मग दुसरं कुणी ० × ७ = ० दाखवतं, म्हणजे उत्तर सातही चालेल. तिथून पुढे वर्ग स्वतःच चालतो.

आणि ग्वाल्हेरात असाल तर एकदा मुलांना किल्ल्यावर न्या. ग्वाल्हेर दरवाजाकडून चढणाऱ्या वाटेवर खडकात कोरलेलं चतुर्भुजाचं छोटं देऊळ आहे. तिथल्या इ.स. ८७६ च्या शिलालेखात फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीची मापं आहेत, लांबी २७० हात, रुंदी १८७ हात. देवाला रोज ५० माळा द्यायच्या, हेही त्यात आहे. २७० आणि ५० मधली शून्यं आज आपण काढतो तशीच गोल आहेत. तिथेच उभं करून विधान द्यायचं: ‘शून्य म्हणजे काहीच नाही, म्हणून ते पुसलं तरी चालेल.’ बाग २७ हातांची होते आणि माळा पाच उरतात, हे मुलं लगेच ओरडून सांगतात. मग विचारा, क्ष दिवसांत माळा किती, आणि क्षच्या जागी काय काय घालता येईल. खाली शहरातल्या महाराज बाड्याच्या चौकात पोहोचेपर्यंत त्यांना पुरतं.