इंग्रजी शब्दसंग्रह: सुरुवात धातूंपासून

प्रगत इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा त्यांचे मूळ ओळखावे, असे मी आग्रहाने सांगेन. संस्कृतातील ‘ईक्ष्’, म्हणजे पाहणे, या धातूपासून निरीक्षण, अपेक्षा, परीक्षा हे शब्द झाले. त्याच अर्थाच्या लॅटिन मुळापासून इन्स्पेक्ट, एक्स्पेक्ट आणि ‘सर्कमस्पेक्ट’, म्हणजे चहूकडे पाहून पाऊल टाकणारा, सावध, हे शब्द आले. मराठी माणसाला ही घडण परकी नाही.

कोल्हापुरात १८५० साली स्थापन झालेल्या करवीर नगर वाचन मंदिर या ग्रंथालयात इंग्रजी अग्रलेख वाचताना अडलेला शब्द त्याच्या वाक्यासह वहीत उतरवावा, अर्थ आधी संदर्भावरून ताडावा आणि मगच शब्दकोश उघडावा. रोज ५ शब्द पुरेत. दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या दिवशी अर्थ झाकून उजळणी करावी. रंकाळा तलावावर फिरताना जे दिसेल, त्यावर त्याच शब्दाचे वाक्य रचावे.